मुहूर्ताची मूठ

हाडांच्या डॉक्टर नाझनीन मुजावर यायच्या त्या आधी फोन करून, आणि आल्या आल्या चहा मागायच्या. त्या दिवशी त्यांनी यातलं काहीच केलं नाही. सरळ प्रयोगशाळेत शिरल्या, पर्समधून गॉजची पुरचुंडी काढली आणि गिरिजा मगदूमच्या टेबलावर ठेवली.

"तिसरा," त्या म्हणाल्या.

पुरचुंडीत पांढऱ्याशुभ्र गोळ्याचे तुकडे होते. खुब्याच्या सांध्यातला गोळा. मांडीच्या हाडाच्या टोकाला बसवतात तो. शाबूत असतो तेव्हा लिंबाएवढा, गुळगुळीत, आणि हातोडा मारला तर हातोड्यालाच खोक पडेल इतका कणखर. हा मात्र खडीसाखरेसारखा फुटला होता.

"कुणाचा?" गिरिजाने विचारलं.

"एक रिटायर्ड मास्तर आहेत. नातवाला पन्हाळा दाखवायला घेऊन गेले होते. पायरी उतरताना काडकन आवाज झाला. शेजारच्या बाईला वाटलं, कुणीतरी फटाका लावला."

गिरिजाने एक तुकडा चिमट्यात धरला. मास्तरांचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांसमोर मास्तर नव्हतेच. तिच्या धाकट्या बहिणीच्या, रेवतीच्या डाव्या खुब्यात असाच एक गोळा होता, आणि रेवतीला सातवा महिना लागला होता.

कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'वज्रकण' कारखान्यात भट्टी आणि तपासणी ही दोन्ही खाती गिरिजाकडे होती. कारखाना एकच माल काढायचा: झिर्कोनियाची पूड. झिर्कोनियम नावाच्या धातूचा ऑक्सिजनशी संयोग झाला की ही पांढरी पूड तयार होते. पूर्वी असल्या पुडीचा गोळा दाबून घडवायचे आणि मग चौदाशे-पंधराशे अंशांवर भाजायचे. मग थंड छपाई आली आणि सगळंच पालटलं. आता हॉस्पिटलातलंच एक यंत्र रोग्याच्या हाडाच्या मापाने पुडीचे थर देतं, त्यात थोडा ओलावा सोडतं, आणि प्रचंड दाबाखाली, पोळीच्या तव्याइतक्या उष्णतेवर, त्याचा दगड करून टाकतं. सकाळी माप घ्यायचं, दुपारी सांधा तयार. किंमत इतकी उतरली की गावोगावच्या म्हाताऱ्यांनी काठ्या माळ्यावर टाकल्या.

या सोयीत एक मेख होती. पूर्वी शेवटची भट्टी पुडीतले बरेचसे दोष पोटात घ्यायची. थंड छपाईत ती भट्टीच नाही. पूड जशी असेल तसाच सांधा.

आणि झिर्कोनियाची पूड स्वभावानेच तऱ्हेवाईक. तिचे स्फटिक निरनिराळ्या तऱ्हांनी बसू शकतात. भट्टीच्या आचेत ते आटोपशीर बसतात, पंगतीला मांडी घालून बसावं तसे. निवायला लागले की त्यांना पाय पसरावेसे वाटतात. पाय पसरले की जागा जास्त लागते, शंभराला चारएक तरी. आणि भरल्या पंगतीत एकाने पाय पसरले तर शेजाऱ्याला ढकलल्यावाचून राहत नाही. म्हणून पुडीत इट्रियम नावाच्या दुसऱ्या धातूचा थोडा अंश घालतात आणि भट्टी दमादमाने निववतात. मग स्फटिक गार झाल्यावरही मांडी मोडत नाहीत. घाईने निववले तर ते बसतात खरे, पण अवघडून. असे अवघडलेले कण गिरणीत घालून गोळ्यांच्या माराखाली फार वेळ दळले, की तेवढा धक्का त्यांना पुरतो. मांडी मोडते ती मोडते, पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय जुळत नाही.

गिरिजाने तुकडा क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवला. पडद्यावर रेषा उमटायला लागल्या. गोळ्यातले एक तृतीयांश स्फटिक पाय पसरून बसले होते.

"शरीरातला ओलावा आत झिरपत जातो," ती डॉक्टरांना म्हणाली. "एखादा कण अवघडलेला असला की त्या ओलाव्यानं त्याची मांडी सुटते. तो शेजाऱ्याला ढकलतो. बारीक तडा जातो, तड्यातून आणखी ओलावा आत. वर्षानुवर्षं आतल्या आत चाललेलं असणार हे."

"आणि माणूस मजेत चालत असतो."

"हो. शेवटच्या पायरीपर्यंत."

प्रत्येक गोळ्याच्या आतल्या कडेला पुडीचा महिना कोरलेला असतो. गिरिजाने भिंगाखाली तो वाचला, मग आधीच्या दोन गोळ्यांचे महिने आठवून पाहिले. तिन्ही दसऱ्याच्या सुमाराचे होते.

"खंडेनवमी," ती हळूच म्हणाली.

खंडेनवमीला कारखान्यातल्या एकूण एक यंत्राची पूजा व्हायची. मालक धैर्यशील सरनोबत स्वतः सोवळं नेसून भट्टीच्या तोंडाशी, आतल्या विटेला हळदकुंकू लावायचे. तापलेल्या विटेला बोट कोण लावणार? म्हणून दरवर्षी पूजेच्या आदल्या दिवशी भट्टीचं दार मुदतीआधीच उघडायचं आणि समोर मोठाले पंखे लावायचे. भट्टीतला माल झटक्यात गार. तपासणीत तो पास व्हायचा, कारण कण मांडी घालून बसलेले दिसायचे. ते अवघडून बसलेत हे यंत्राला दिसत नव्हतं, आणि त्या दिवशी विचारणार कोण? सगळे झेंडूचे हार ओवण्यात गर्क.

"म्हणजे फक्त दसऱ्याच्या मालात गडबड आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"फक्त दसऱ्याच्या."

"रेवतीचा कधीचा?"

"चैत्रातला," गिरिजा म्हणाली, आणि तिचा श्वास एकदम मोकळा झाला. "तिची पूड मी स्वतः काढून दिली होती."

डॉक्टर खुर्चीत टेकल्या. "मग आता चहा सांग," त्या म्हणाल्या.

दुपारनंतर गिरिजा राजारामपुरीत रेवतीकडे गेली. नुसतं बघून यावं म्हणून. रेवती दुसऱ्या मजल्यावर राहायची, आणि ताईची गाडी दिसल्याबरोबर ती जिना उतरत खाली आली, पोट पुढे, हातात पिशवी, चप्पल अर्धी पायात. दोन वर्षांपूर्वी ट्रकने तिची स्कूटर उडवली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की खुब्याचं हाड असं विचित्र मोडलंय की ही पुन्हा चालेल का सांगता येत नाही. आता ती टणाटण जिने उतरत होती. गिरिजाला एरवी ते पाहून देवाला हात जोडावेसे वाटत. आज ती प्रत्येक पायरीबरोबर दचकत होती, चैत्रातला गोळा आहे हे ठाऊक असूनही.

"अगं, सावकाश की!"

"तू आली नाहीस तोवर सूचना सुरू झाल्या बघ," रेवती हसली. "चल वर. ओंकारनं डोहाळजेवणासाठी झोपाळा आणलाय. मी बसून बघितलं, चांगला कुरकुरतोय."

वर आल्यावर रेवतीचा नवरा ओंकार झोपाळ्याच्या कड्या तपासत होता. गिरिजाचा चेहरा पाहून त्याने विचारलं, "काय झालं ताई? कारखान्यात काही?"

गिरिजाने मास्तरांची गोष्ट सांगितली. दसऱ्याच्या मालाचंही सांगितलं. ओंकारचा हात कडीवरच थांबला. "मग हिचा?"

"हिचा चैत्रातला. काळजी नाही."

"आणि माझ्यात तर ताईच्या दोन मुठी आहेत," रेवती पोहे परतत आतून ओरडली. "सगळ्यांना एक, मला दोन. माझ्या गोळ्याला काय होतंय!"

गिरिजा खुर्चीवर बसली होती, तशीच राहिली.

मुहूर्ताची मूठ. कारखाना सुरू झाला त्या वर्षी एकही घाणा धड निघत नव्हता, सगळे हवालदिल झाले होते, आणि पहिला उत्तम घाणा निघाला तो नेमका दसऱ्याला. तेव्हापासून सरनोबतांनी रीत पाडली. खंडेनवमीच्या भट्टीतली थोडी पूड बाजूला काढायची. दसऱ्याला गिरणी रिकामी आणि मुकी राहू नये म्हणून ती पूड तिच्यात घालायची आणि सकाळच्या मुहूर्तापासून सोनं वाटायच्या वेळेपर्यंत गिरणी फिरवायची. ती पूड मग पितळी डब्यात, भट्टीशेजारच्या गणपतीपुढे. वर्षभर जो जो पिंप भरला जाई, त्यात तपासणी झाल्यावर, झाकण लावायच्या आधी, त्या डब्यातली एक मूठ पडायची. बाहेरचे तपासनीस येत, गणपतीला हात जोडत, प्रसाद घेत आणि जात. मूठ कुठल्याच नियमात नव्हती म्हणून ती कुणी कधी तपासली नाही.

घाईने निववलेली पूड. वरून दिवसभर दळलेली. आणि ती प्रत्येक पिंपात, घरी दुधाला विरजण लावतात तशी.

फक्त दसऱ्याचा माल नव्हे. सगळा माल.

रेवतीचं हाड विचित्र मोडलं होतं म्हणून तिची पूड वेगळी, लहानशा बरणीत काढली होती. पिंप नव्हे, बरणी. गिरिजाने त्या सकाळी न्हाऊन, डोळे मिटून, गणपतीपुढच्या डब्यात हात घातला होता. एक मूठ रीतीची. आणि मग डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून आणखी एक, बहिणीसाठी.

"ताई, पोहे," रेवती म्हणाली. ताटली देताना ती वाकली, आणि गिरिजाने झटकन उठून तिला दोन्ही खांद्यांना धरलं.

"बस. तू बस आधी. वाकू नकोस."

"असं काय करतेस?"

"काही नाही. उद्या डॉक्टर मुजावरांकडे जाऊन येऊ. तोवर जिना उतरायचा नाही. झोपाळ्यावर बसायचं नाही." तिने ओंकारकडे पाहिलं. "हिला उठू देऊ नकोस. मी नंतर सांगते."

आपल्याला सांगायला धीर होत नाही हे तिला कळत होतं. त्या घरातून ती जवळजवळ पळतच बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी कारखाना उघडल्या उघडल्या तिने पितळी डबा उचलून प्रयोगशाळेत नेला. चिमूटभर पूड यंत्रात ठेवली. आतून कुठेतरी तिला अजून वाटत होतं की आपण उगाच घाबरलोय. पडद्यावर रेषा आल्या. डब्यातले बहुतेक सगळे कण पाय पसरून बसले होते.

सरनोबतांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून केबिनचं दार लावलं.

"किती माणसं असतील, गिरिजाताई?"

"आठ वर्षांचा सगळा माल. चाळीस हजारांच्या वर."

"तिघांचे मोडले. तेही दसऱ्याच्या मालाचे. बाकीचे चालताहेत, फिरताहेत." ते पुन्हा खुर्चीत बसले. "उद्या हे जाहीर केलं तर काय होईल ठाऊक आहे? चाळीस हजार ऑपरेशनं करणार कोण? लोक भीतीनंच पडतील. धडधाकट सांधा असलेलासुद्धा जिन्यात लटपटून पडंल. जरा थांबू. आपण आधी नीट अभ्यास करू."

"आणि तोवर कुणी पायरी उतरला तर?"

"माझ्या आईचे दोन्ही गुडघे आपल्याच पुडीचे आहेत," सरनोबत एकदम म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं, मला घाबरायला होत नसंल?"

हा माणूस खोटं बोलत नव्हता, आणि त्याचं म्हणणं सगळंच चुकीचं नव्हतं. शिवाय तिच्या मनात एक दुसराच विचार वळवळत होता, आणि त्याची तिला लाज वाटत होती. डॉक्टर मुजावरांकडे ऐकणारे पट्टे होते, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. स्फटिकाची मांडी मोडते तेव्हा अगदी बारीक टक् असा आवाज होतो. पट्टा कातडीवर बांधला की तो आवाज पकडतो. कधीमधी एखादा टक् आला तर माणूस निर्धास्त. लाह्या फुटाव्यात तसे आवाज यायला लागले की गोळा लगेच काढायला हवा. आज जाहीर केलं तर उद्या त्या पट्ट्यांपुढे गर्दी लोटणार. गप्प बसलं तर निदान आठवडाभर सगळे पट्टे रेवतीचे.

फक्त एक आठवडा. कुणाला कळणारही नाही.

मग तिला मास्तरांचा तो नातू आठवला, ज्याला तिने पाहिलंही नव्हतं. आजोबा पायरीवर कोसळताना त्याने आजोबांचा हात धरलेला असणार.

तिने सरनोबतांसमोरच फोन लावला. "डॉक्टर, मी चुकले. सगळाच माल तसा आहे. तुम्ही जाहीर करा, माझ्या नावानं करा. मी लेखी देते."

मग डॉक्टरांनी विचारलं, "पट्ट्यासाठी आधी कुणाला बोलावू?"

"रेवतीला," गिरिजा म्हणाली. तेवढा स्वार्थ तिने केला, आणि सरनोबत बघत होते तरी मान खाली घातली नाही.

सरनोबतांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "तिच्या मागं माझ्या आईचं नाव घाला म्हणावं," ते म्हणाले.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे झाली होती. गिरिजा आणि ओंकार रेवतीला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून जिन्यावरून खाली घेऊन आले. रस्त्यात गिरिजाने जे पाहिलं ते ती पुढे कधी विसरली नाही. माणसं जिथल्या तिथे बसली होती. बसथांब्यावर एक म्हातारी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरून बसली होती, बस आली आणि निघून गेली तरी उठली नाही. बँकेच्या पायऱ्यांवर एक सद्गृहस्थ मधल्याच पायरीवर थांबले होते. ना वर जाववत होतं, ना खाली. हॉस्पिटलच्या दारात लोक भिंतीला धरून पाऊल टाकत होते, आणि प्रत्येक पावलानंतर थांबून कानोसा घेत होते. इतक्या माणसांत इतकी शांतता गिरिजाने कधी अनुभवली नव्हती.

"सगळ्यांना झालंय काय?" रेवतीने विचारलं. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. गिरिजाने कळवल्यावर ओंकारने तिचा फोन सकाळीच काढून घेतला होता, आणि त्यावरून ती त्याच्याशी भांडलीही होती.

"आत चल, सांगते," गिरिजा म्हणाली.

डॉक्टरांनी रेवतीला कुशीवर झोपवलं, पोटाखालून खुब्यावर पट्टा बांधला आणि एक हेडफोन गिरिजाकडे दिला. गिरिजाने तो कानाला लावला.

आधी आला तो बाळाच्या काळजाचा आवाज. भरभर, घाईघाईने, कुठेतरी पोहोचायचं असल्यासारखा. पट्टा पोटाच्या इतका जवळ होता की तो येणारच. गिरिजाला क्षणभर हसू फुटलं.

मग त्या आवाजाच्या मधोमध आलं: टक्.

तिने हेडफोन कानावर दाबला. काळीज धावत होतं. टक्. पुन्हा काळीज. टक्, टक्. लाह्या नव्हत्या. पण ते टक् कधीमधीचेही नव्हते.

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या कानालाही हेडफोन होता. "आत्ता ऑपरेशन करता येत नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "बाळ होईपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. कूसही कुणीतरी धरूनच बदलायची."

"तोवर टिकेल?"

"मला सांगता येत नाही, गिरिजा."

"काय कुजबुजताय?" रेवती म्हणाली. "मला द्या की ते. माझंच पोट आहे." तिने गिरिजाच्या डोक्यावरून हेडफोन काढला आणि स्वतःच्या कानाला लावला. तिचा चेहरा उजळला. "अगं बाई! किती पळतंय गं हे!" मग तिच्या भुवया हळूहळू जवळ आल्या. "ताई, आणि मधेच हे टक् टक् कसलं?"

डॉक्टर बोलायला पुढे झाल्या. गिरिजाने त्यांना हाताने थांबवलं.

"तुझ्या खुब्यातला गोळा आहे तो. आतून तडकतोय."

रेवतीने हेडफोन काढला नाही.

"मी घातलेल्या मुठींमुळं," गिरिजा म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं आणि तिने ते आवरलंही नाही. "त्या पुडीतच खोट होती. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना एक एक मूठ गेली. तुझ्यात मी दोन घातल्या."

रेवतीच्या डोळ्यांत भीती उतरत गेलेली गिरिजाने पाहिली. लहानपणी विहिरीत पहिल्यांदा उतरवलं तेव्हा रेवती अशीच बघत होती, ताईच्या गळ्याला मिठी मारून. आज मिठी मारायलाही तिला हलता येत नव्हतं.

"बाळाला ऐकू येत असेल हे?" तिने विचारलं.

"नाही गं. फार बारीक आहे तो आवाज."

"मला येतोय," रेवती म्हणाली. तिने हेडफोन काढून उशीवर ठेवला. त्यातून आवाज येतच होता, लांबून, दोन्ही. मग तिने गिरिजाचा उजवा हात चाचपून धरला. तो हात भीतीने घट्ट मिटला होता. तिने एकेक बोट सोडवलं, तळवा उघडला आणि आपल्या खुब्यावर नेऊन ठेवला.

"मग आता तूच धरून बस," ती म्हणाली. "सोडू नकोस."

गिरिजा पलंगाच्या कडेवर बसली. हाताखाली बहिणीचं अंग ऊबदार होतं आणि काहीही जाणवत नव्हतं. उशीवरून आवाज आला, टक्. तिने हात काढला नाही. नुसता टेकवून ठेवला. दाबायची तिला भीती वाटत होती.